वेण्णाकाठची थंडी आणि दादाचा गाडा

गुरुवार : सातारा, वाई, पसरणी घाट

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे कोरडे वारे सुटले की साताऱ्यातल्या पेपरांत ठरलेली बातमी येते. महाबळेश्वरात पारा घसरला, वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या भागात दवबिंदू गोठले. यंदा ती आली त्याच संध्याकाळी दादाचा फोन. "आईला एवढी थंडी सोसेल ना?" मी आईकडे बघितलं, तर ती आधीच ट्रंकेतून गोधड्या काढायला उठली होती.

दादाचा साताऱ्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. तिथेच त्याने हौसेने एक कॅराव्हॅन बांधलीय. गाडीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत तिघांना झोपायला जागा, ओटा, सिंक, छोटा गीझर, फरशीखाली ८० लिटरची पाण्याची टाकी आणि १२ व्होल्टचा पंप. तो तिला गाडा म्हणतो, म्हणून आम्हीही. कोकणातलं ऊन आणि कासचा पाऊस गाड्याने सोसला होता. शून्याच्या आसपासची थंडी महाराष्ट्रात मिळते तरी किती ठिकाणी? त्यातलं एक आमच्याच जिल्ह्यात आहे, तर तिथे जाऊन बघावंच असं दादाच्या मनात होतं.

निघण्याआधी मावसबहिणीशी फोनवर सविस्तर बोलणं झालं. ती अमेरिकेत मिनेसोटात असते. तिकडे हिवाळ्यात उणे ३० अंश म्हणजे काही आक्रीत नाही, आणि असले ट्रेलर दारोदारी. थंडी सुरू व्हायच्या आत टाकी, गीझर आणि नळ्या रिकाम्या करतात, कॉम्प्रेसरने हळूच हवा मारून उरलेलं पाणी बाहेर काढतात आणि सिंकखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीत, गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) ओततात. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते इथिलीन ग्लायकॉल विषारी, ते पिण्याच्या पाण्याच्या नळीत चुकूनही जाता कामा नये, हे तिने दोनदा बजावलं. भर थंडीत ट्रेलरमध्ये राहायचंच असेल तर खालून वारा शिरू नये म्हणून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत झालर लावतात, नळीवर विजेवर तापणारी पट्टी गुंडाळतात, आणि सिंकखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवतात, म्हणजे आतली ऊब नळ्यांपर्यंत पोचते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण ९ टक्के फुगतं. नळी बहुतेक वेळा बर्फ असतो तिथे फुटत नाही. बर्फाचं बूच बसतं एका जागी, ते वाढत जातं, आणि बूच व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत राहतो. मग सगळ्यात कच्चा जोड जातो. म्हणूनच तिकडे कडाक्याच्या रात्री नळ थोडा ठिबकत ठेवतात. दाबाला वाट मिळते.

सकाळी निघालो. साताऱ्याहून महाबळेश्वरला मेढा-केळघरवरूनही जाता येतं, पण मागे गाडा असताना दादा तो रस्ता घेत नाही. हायवेने पाचवड, तिथून आत वाई. ढोल्या गणपतीला हात जोडले. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही अंगांनी कापलं जावं म्हणून. दादा ती भिंत दर वेळी हात लावून बघतो. बांधणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या बांधकामाचं असतं तसं अप्रूप.

वाई सोडली की लगेच पसरणी. शाहीर साबळ्यांचं गाव. तिथून घाट चढायला लागतो. गाडा ओढताना वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतल्या अंगाला कापून येतात, त्यामुळे प्रत्येक वळण बाहेरून रुंद घ्यावं लागतं. दादाने सेकंड गिअर सोडला नाही. मागे रांग लागली की जागा बघून बाजूला थांबायचं, सगळ्यांना पुढे सोडायचं आणि मग निघायचं. वर आल्यावर मागे धोम धरणाचं पाणी चकाकत होतं आणि आईने शालीचा पदर कानावर ओढला. हवा बदलली होती. पाचगणीत चहा घेतला आणि अंधार पडायच्या आत वेण्णा तलावाच्या अलीकडे, तात्यांच्या शेतात पोचलो. तात्या दादाचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या स्ट्रॉबेरीच्या शेडचा सांगाडा दादानेच करून दिलेला.

त्या रात्री वारा होता. गार लागलं, पण तापमापक ९ अंशांखाली गेला नाही.

शुक्रवार : तयारी

तात्यांनी सकाळी शेत दाखवलं. गादीवाफे, त्यावर काळा मल्चिंग पेपर, पेपरच्या भोकांतून वर आलेली झाडं, खालून ठिबक. स्वीट चार्ली आणि विंटर डाऊन या दोन जाती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेल्या रोपांना आता फळं लागलेली आणि त्याच झाडावर पुढच्या तोडीची पांढरी फुलंही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच लाल माती-थंडीच्या जोरावर. पण हीच थंडी जास्त झाली तर पहिलं जातं ते फूल.

"काल वारं हुतं म्हून वाचलो," तात्या म्हणाले. "वारं पडलं आन आभाळ निवळलं की दहिवर गोठतंय. आज रातीला बघा."

शास्त्र हेच सांगतं. रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते. ढग असले तर ते बरीचशी परत पाठवतात, वारा असला तर वरची उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळत राहते. दोन्ही नसले की जमिनीलगतची हवा झपाट्याने गार होते. गार हवा जड, ती उतारावरून हळूहळू वाहत सखलात येऊन साठते. वेण्णा तलावाचा परिसर म्हणजे नेमका तसा सखल भाग. साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली पाणी अडवायला ही जागा निवडली. पाणी जिथे येऊन साठतं तिथेच थंडीही येऊन साठते. गावातल्या वेधशाळेचा पारा ७-८ वर असतानाही इथल्या गवतावर हिमकण दिसतात ते यामुळे.

दुपारभर मी आणि दादा गाड्याच्या पाण्याच्या मागे होतो. टाकी आम्ही रिकामी केली नाही, आणि यामागे हिशेब आहे. १ लिटर पाणी १ अंशाने थंड व्हायला १ किलोकॅलरी उष्णता जावी लागते. शून्याला पोचलेल्या त्याच पाण्याचा बर्फ व्हायला आणखी ८० लागतात. ८० लिटरची टाकी १२ अंशांवर असेल तर तिला शून्यावर यायलाच ९६० किलोकॅलरी घालवाव्या लागतील, आणि पुरती गोठायला वर ६४००. आपल्याकडच्या चार-पाच तासांच्या थंडीत ते होणे नाही. अर्ध्या इंची नळीत मात्र फुटाला जेमतेम ३५-४० मिलिलिटर पाणी मावतं. जायची ती नळीच.

म्हणून नळ्या रिकाम्या केल्या. आधी पंपाचा स्विच बंद. मग सिंकचा नळ गार-गरम दोन्हीकडे उघडून ठेवला. गीझरची वीज तोडली, तो निवेपर्यंत थांबलो, मग खालचा प्लग पान्याने सोडवला. पाणी आधी येईना, वरून हवा शिरायला वाट नव्हती. दादाने वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून धरला आणि भडाभडा बादली भरली. सगळ्यात खालच्या जागी, मागच्या चाकाच्या जरा पुढे, दादाने एक बॉल व्हॉल्व्ह बसवलाय. तो उघडल्यावर पहिल्यांदा धार, मग थेंब, मग नुसती फुरफुर. त्या फुरफुरीला दादाने कान लावला. "झाली," म्हणाला. हातपंपाने थोडी हवा मारली तेव्हा आणखी ओंजळभर पाणी निघालं. ते पंपाच्या पोटात बसलेलं. दादा म्हणतो, पंप फुटतात ते या ओंजळभर पाण्यापायी.

काढलेलं पाणी बादल्यांनी तात्यांच्या फळझाडांना घातलं. सांडपाण्याची टाकी मात्र बंदच ठेवली, ती साताऱ्यालाच रिकामी करायची. वेण्णा तलावाचं पाणी लोक पितात. तिथल्या उतारावर साबणाचं पाणी सोडणं आम्हा दोघांनाही मान्य नाही. सिंकखालच्या ट्रॅपमध्ये अँटिफ्रीझही घातलं नाही. ट्रॅप आतल्या कपाटात आहे, कपाटाचं दार उघडं ठेवलं की भागतं. राहिली बाहेरच्या भिंतीवरच्या नळाची वीतभर नळी, ती रिकामी करता येत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम तिच्यावर चढवला, वर गोणपाट बांधलं.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. ती शून्याखाली वापरलेली चालते, पण शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर धरतो आणि बॅटरी कायमची बिघडते. ती आईच्या पलंगाखाली, उबेतच आहे. तरी दादाने छपरावरच्या सोलर पॅनेलचं कनेक्शन संध्याकाळी काढलं. ऊन अंगावर आल्याशिवाय जोडायचं नाही.

रात्री आईने शेगडीचा विषय काढला. तात्यांकडे कोळशाची चांगली मोठी शेगडी होती. "घरी आपण शेगडी घेऊनच झोपायचो की रे," ती म्हणाली.

"ते कौलाचं घर होतं आई. धूर कुठूनही जायचा. हा पत्र्याचा बंद डबा आहे."

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. दरवर्षी थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. दादाने गाड्यात त्याचा अलार्म बसवलाय, पण अलार्म आहे म्हणून शेगडी आत घ्यायची नाही. आईने शेगडी बाहेरच पेटवून घेतली, तिच्यावर भाकऱ्या शेकल्या, तात्यांच्या घरून पिठलं आणि खर्डा आला. झोपताना गरम पाण्याच्या पिशव्या गोधडीत घेतल्या.

आणखी एक काम आम्ही मुद्दाम केलं. मोकळ्या गवतावर पेंढा पसरून त्यावर स्टीलचं ताट ठेवलं, त्यात बोटभर पाणी. तसंच दुसरं ताट गाड्याच्या खाली. अठराव्या शतकात अलाहाबादकडे पेंढ्यावर उथळ मातीच्या ताटल्या मांडून, हवा शून्याला न पोचताही रात्रीतून बर्फ करत, असं वाचलं होतं.

शनिवार : पहाट

साडेपाचला दादाने उठवलं. वारा अजिबात नव्हता, आभाळ कोरं. गवतावर ठेवलेला तापमापक उणे १.५, चार फुटांवर टांगलेला ३.५. गाड्याच्या पोटाखाली ५, आत ९.

टॉर्चच्या उजेडात शेत पांढरं दिसत होतं. तात्यांच्या जीपच्या टपावर हिमकणांचा थर, नखाने खरवडला तर चुरचुर आवाज. जीपच्या दाराच्या पत्र्यावर मात्र काही नाही, नुसतं दव. बांधावरच्या जांभळीखालचं गवत हिरवंच. उघड्यावरच्या ताटात काचेसारखी पातळ, अखंड चकती धरली होती. आईने ती दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि तिच्यातून दादाकडे बघितलं. गाड्याखालच्या ताटातलं पाणी तसंच पाणी.

मला वाटतं, इथे कॅराव्हॅन घेऊन येणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते हेच. मिनेसोटात हवाच उणे ३० असते, वारा खालून शिरतो, म्हणून तिथे गाड्याचं पोट धोक्यात. झालर, तापती पट्टी हे सगळं त्या पोटासाठी. आपल्याकडे हवा शून्याच्या वरच असते, गोठतं ते ज्याला आभाळ दिसतं ते. छप्पर, उघड्यावर पडलेली नळी, बाहेरचा नळ. वर नुसतं ताडपत्रीचं किंवा झाडाचं आच्छादन आलं तरी दोन-चार अंशांचा फरक पडतो. तात्यांच्या शेतात पाणी द्यायची हिरवी नळी रात्रभर गवतावर पडून होती, ती वाकवली तर आत बर्फाचा चुरा कुरकुरला. आमच्या भिंतीवरचा गोणपाटातला नळ उघडला, पाणी आलं.

गॅसने मात्र कुरकुर केली. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायला तयार नसतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो, आणि आपल्या सिलिंडरात दोन्हींचं मिश्रण असतं. त्यात आमचा सिलिंडर पुढच्या दांडीवर उघड्यावर. ज्योत इवलीशी. दादाने तो परातीत उभा केला आणि हाताला सोसेल इतकं कोमट पाणी परातीत ओतलं. उकळतं नाही, आणि जवळपास विस्तव तर नाहीच. थोड्या वेळाने चहाला उकळी आली.

तात्या आणि त्यांच्या घरचे तोवर वाफ्यांवर होते. रात्री दोननंतर त्यांनी तुषार सुरू ठेवले होते. पाणी गोठताना उष्णता सोडतं, ती फुलाला मिळते. पण एकदा सुरू केलं की ऊन येईपर्यंत बंद करायचं नाही, नाहीतर जास्त नुकसान. वरच्या वाफ्यांपर्यंत तुषारांचं पाणी पोचत नव्हतं. तात्यांनी तिथलं एक फूल उलगडून दाखवलं. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, मधला पिवळा गोंडा काळा पडायला लागलेला.

"ह्याला फळ न्हाई धरायचं आता," ते म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे वळले. एका ओळीत त्यांनी अशी बरीच फुलं बाजूला केली. माझ्या हातात द्यायला त्यांना त्यातलं एकही नको होतं; त्याऐवजी त्यांनी पिकलेल्या फळांची वाटी आईला दिली. गार, इतकी गार की दाताला ठणका.

आत गाड्याच्या छताला आतून पाणी सुटलं होतं. तिघांच्या श्वासाची वाफ गार पत्र्याला लागून. वरची झडप दोन बोटं उघडी होती म्हणून निभावलं, नाहीतर गोधड्या भिजल्या असत्या. छताला आतून आणखी एक थर हवा, हे दादाने वहीत लिहिलं.

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. बाजारातून चणे घेतले. दुपारी गाडा हलवला.

शनिवार रात्र, रविवार : भिलार

भिलार पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून थोडं आत. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव. घराघरांत पुस्तकांची कपाटं, कोणीही आत जाऊन बसावं. आम्ही उताराच्या मधल्या अंगाला, घराच्या आडोशाला गाडा लावला. खाली दरीत थंडी वाहून जाईल, इथे थांबणार नाही, असा दादाचा अंदाज.

तीच रात्र, तसंच कोरं आभाळ, आणि पहाटे गवतावर ५, चार फुटांवर ८. ताटातलं पाणी पाणीच राहिलं. तात्यांना फोन केला. त्यांच्याकडे पुन्हा गोठलं होतं. इतक्या जवळच्या दोन जागांत एवढा फरक मी कधी मोजून बघितला नव्हता.

रविवारी सकाळभर आई एका घराच्या पडवीत ऊन घेत संतसाहित्याचं पुस्तक वाचत बसली. घरच्या काकूंनी तिला चहा दिला, दोघींची साताऱ्यातली कुठलीशी दूरची ओळख निघाली आणि पुस्तक तसंच मांडीवर राहिलं. मी दादाबरोबर नळ्या पुन्हा भरल्या. बॉल व्हॉल्व्ह बंद, गीझरचा प्लग टेफ्लॉन टेप लावून घट्ट, पंप सुरू, मग एकेक नळ उघडून हवा जाईपर्यंत थांबायचं. गीझर भरल्याची खात्री होईपर्यंत त्याला वीज द्यायची नाही, कोरडा तापला तर एलिमेंट जळतं. प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवला. कुठेही ओल नाही.

घाट उतरताना दादा पुन्हा सेकंडमध्ये. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ते तापून धरेनासे होतात, मागून गाड्याचं वजन ढकलत असतं. वाईला भेळ, पाचवड, सातारा.

सोमवारी कारखाना उघडल्यावर दादाने पहिलं काम काढलं ते बाहेरच्या नळाचं. ती वीतभर नळी भिंतीच्या आत घेतली आणि नळाच्या मागे आणखी एक छोटा व्हॉल्व्ह टाकला, म्हणजे तीही रिकामी करता येईल. सिलिंडरला वरून पत्र्याचं झाकण, खाली हवेला मोकळं. मिनेसोटाला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं की छताच्या थरासाठी कोणता फोम घेतोय ते आधी सांग, आणि तात्यांच्या फुलांचं काय झालं? तुषाराखालची बहुतेक वाचली, असं तात्यांनी कळवलंय.